हजेरीपटावरचे गैरहजर



जनगणना हा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींनी मनात म्हटले असेल की आज तासभर आकडे ऐकावे लागणार. तो अंदाज अगदी चुकीचा नाही. आकडे येतील. पण ते पाठ करण्यासाठी नाहीत, तेव्हा वही-पेन्सिल नसेल तरी चालेल. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगायला शाळेतला हजेरीपट पुरेसा आहे. वर्गात जी मुले बसलेली आहेत ती मास्तरांना डोळ्यांनी दिसतच असतात. तरी मास्तर पट उघडतात, कारण कोण आलेले नाही हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी नावांची यादी लागते, कालचा पट लागतो आणि रिकाम्या जागेपुढे खूण करायची शिस्त लागते. देशाची जनगणना हा असाच एक अवाढव्य हजेरीपट आहे. २०११ साली आपण १२१ कोटी होतो, हे त्या पटाचे सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत कमी उपयोगाचे वाक्य. गर्दी तर आपल्याला रोज लोकलमध्ये दिसते! जनगणनेचे खरे मोल ती कोण नाही हे दाखवते, यात आहे. कोण मेले, कोण जन्मालाच आले नाहीत, कोण गाव सोडून गेले, आणि कोण समोर उभे असूनही कोणाच्या नजरेत भरले नाहीत. या चार गैरहजरांविषयी मी क्रमाने बोलणार आहे आणि मग आक्षेपांकडे वळणार आहे.

त्याआधी एक शब्द. आपल्या आजे-पणज्यांच्या पिढीत जनगणनेला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर, शुमारी म्हणजे मोजणी. तेव्हा आधी घरे मोजायची, मग घरातली माणसे. आजही काम याच क्रमाने चालते, आधी घरयादी आणि नंतर लोकसंख्येची गणना. हिंदुस्थानात पहिली गणना १८७२ साली झाली खरी, पण ती वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वर्षी उरकलेली होती. सगळ्या देशाची एकाच वेळी झालेली पहिली गणना १७ फेब्रुवारी १८८१ची. तेव्हापासून २०११पर्यंत दर दहा वर्षांनी ती झाली. दोन महायुद्धे झाली, फाळणी झाली, दुष्काळ आणि साथी येऊन गेल्या, पण पट उघडला नाही असे दशक गेले नाही. हे सातत्य का महत्त्वाचे? कारण आजचा पट एकटाच वाचला तर त्यातली रिकामी जागा कळत नाही. ती कळते कालच्या पटाशेजारी ठेवल्यावर.

आता पहिला गैरहजर, मेलेला माणूस. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेच्या इतिहासातले एकमेव दशक, ज्यात देशाची लोकसंख्या घटली. आजच्या भारताच्या सीमा धरल्या तर २५ कोटी २१ लाखांवरून ती २५ कोटी १३ लाखांवर आली. घट जेमतेम आठ लाखांची. ऐकायला किरकोळ वाटते, नाही? पण दहा वर्षांत जी नैसर्गिक वाढ व्हायला हवी होती, ती या आठ लाखांच्या मागे गडप झालेली आहे. १९१८ साली मुंबई बंदरातून देशात पसरलेली इन्फ्लुएंझाची साथ, जिला आपल्याकडे लोक मानमोडी म्हणत, ती या दशकात येऊन गेली. साथ चालू असताना किती मेले हे कोणाला नेमके सांगता येत नव्हते, कारण मृत्यूची नोंद ठेवणारा माणूसही इतरांसारखाच अंथरुणाला खिळलेला होता. सुरुवातीचा सरकारी अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ची जनगणना हाती आल्यावर तो सव्वा कोटीच्या घरात गेला आणि पुढच्या अभ्यासकांनी त्याहूनही वर नेला. म्हणजे ज्यांच्या मरणाची नोंद कोठल्याच दप्तरात झाली नव्हती, त्यांची नोंद जिवंत माणसांच्या मोजणीने केली. मेलेल्यांविषयी साक्ष दिली ती उरलेल्यांच्या संख्येने.

इथे शंभर वर्षे ओलांडून आपल्या काळात येऊ. कोविडच्या पहिल्या दोन वर्षांत भारतात किती माणसे गेली? सरकारी आकडा सुमारे ४ लाख ८० हजारांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली मांडलेला जादा मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाखांचा, आणि भारत सरकारने तो फेटाळला. दोन आकड्यांत जवळजवळ दहापटींचा फरक. कोण बरोबर, हा निवाडा मी या व्यासपीठावरून करणार नाही. मला दाखवायचे आहे ते वेगळेच. मानमोडीनंतर तीन वर्षांत पट उघडला गेला. कोविडच्या वेळी २०२१ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि ढकललेलीच राहिली. आता ठरलेली संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. म्हणजे साथीनंतर पटच सहा वर्षे गैरहजर. इतक्या उशिरा उघडलेला पट काहीच सांगणार नाही असे नाही, पण जखमेचा वण भरल्यावर वैद्याला बोलावण्यासारखे ते आहे.

दुसरा गैरहजर जन्मालाच न आलेला. किंवा मराठीने इथे लिंग पाळलेच पाहिजे: जन्मालाच न आलेली. निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटातले हे प्रमाण १९९१ साली ९४६ होते. म्हणजे निसर्गाच्या जवळच. २००१ साली ते ९१३ झाले आणि २०११ साली ८९४. आता राज्याचा आकडा सोडून जिल्ह्याचा घ्या. बीड जिल्ह्यात २००१ साली ८९४ होते, ते दहा वर्षांत ८०७वर आले. आणि हे दुष्काळी, गरीब भागाचे दुखणे आहे असे समजून कोणी निःश्वास सोडू नये. २००१ सालचे कोल्हापूर ८३९ होते आणि सांगली ८५१. ऊस, दूध, सहकार, शिक्षण, सगळे जिथे होते तिथली ही गोष्ट. उलट गडचिरोली, जिला आपण मागास म्हणून बाजूला ठेवतो, तिथे २०११ सालीही हे प्रमाण साडेनऊशेच्या वर होते. मग सुबत्ता वाढली की मुलींची किंमत वाढते, हा आपला लाडका समज कोणत्या आधारावर उभा होता? सोनोग्राफीचे यंत्र विकत घ्यायला पैसा लागतो, तपासणीची फी द्यायला पैसा लागतो. आकड्यांनी एवढेच दाखवले की पैसा आधी पोचला आणि विचार मागे राहिला.

गर्भलिंगनिदान करून मुलीचा गर्भ पाडल्याबद्दल किती खटले झाले ते पाहिले तर हाती फारसे काही लागत नाही. घरातले बोलत नाहीत, डॉक्टर बोलत नाही, आणि जिच्या बाबतीत गुन्हा घडला ती फिर्याद द्यायला अस्तित्वातच नसते. असा गुन्हा उघडकीस आणणार कोण? महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ साली आला. पण कायदा कोठल्या जिल्ह्यात, कोठल्या तालुक्यात फसतो आहे, हे जाहीरपणे आणि पुराव्याने सांगितले ते जनगणनेने. एकही नाव न घेता, एकाही घराकडे बोट न दाखवता, तिने अख्ख्या जिल्ह्याला आरशासमोर उभे केले.

तिसरा गैरहजर घर सोडून गेलेला. इथे मी आपल्याला एका फसव्या आकड्यापाशी थांबवतो. २०११ साली महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात होत्या ११२२. वरवर पाहणारा म्हणेल, वा, कोकणात स्त्रीला केवढा मान! पण त्याच रत्नागिरीतली सहा वर्षांखालची मुले मोजली तर तिथेही मुलगेच जास्त निघतात. मग पुढच्या वयात बायका जास्त कशा झाल्या? त्या जास्त झाल्या नाहीत, पुरुष कमी झाले. ते कोठे गेले हे पाहायचे तर मुंबई शहर जिल्ह्याचा आकडा शेजारी ठेवा: हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया. एका पानावरची रिकामी जागा दुसऱ्या पानावरची दाटी आहे. गिरण्यांच्या काळात चाळीच्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार, आणि गावाकडे मनीऑर्डरीची वाट पाहणारे घर, ही दोन चित्रे आपण कथा-कादंबऱ्यांतून, लोकगीतांतून पाहिलेली आहेत. जनगणनेने ती दोन चित्रे एका हिशोबात जोडली. गिरण्या गेल्या, तरी हिशोब संपलेला नाही. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्याच घटली. आणि गंमत अशी की मुंबई शहर जिल्ह्याचीही घटली, ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर. त्याच दहा वर्षांत तेव्हाचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. परळ-लालबागचे घर विकून डोंबिवली-विरार गाठणाऱ्यांची अख्खी कहाणी या चार आकड्यांत आहे.

चौथा गैरहजर सर्वांत अवघड, कारण तो गेलेला नसतो. तो समोरच असतो. १९६१च्या जनगणनेत शंभर स्त्रियांपैकी सुमारे २८ जणी काम करणाऱ्या म्हणून मोजल्या गेल्या. १९७१ साली हे प्रमाण निम्म्यावर आले. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या कष्टकरी बायकांनी खुरपे खाली ठेवले काय? मुळीच नाही. बदलला होता तो प्रश्न. १९६१ साली हंगामाच्या बऱ्याचशा काळात रोज तासभर नियमित काम करणारी व्यक्तीही कामगार धरली होती. १९७१ साली विचारले गेले की तुमचा मुख्य उद्योग काय. मुख्य उद्योग विचारल्यावर दारात उभ्या असलेल्या कर्त्या पुरुषाने घरातल्या बाईविषयी काय सांगितले असेल, हे मी आपल्याला सांगायला नको. पेरणी, निंदणी, गुरांचे शेण, दुधाच्या धारा हे सगळे ‘घरकाम’ या एका शब्दात बुडाले. पुढे १९९१ साली कौटुंबिक शेतीतले आणि धंद्यातले बिनमोबदल्याचे काम प्रश्नातच स्पष्ट शब्दांत घातले गेले, आणि बायका पुन्हा हळूहळू पटावर आल्या. खुरपे हातात होतेच. आला होता तो फक्त रकाना.

भाषेचेही तसेच. २०११ साली लोकांनी आपली मातृभाषा म्हणून जी नावे सांगितली ती कच्च्या यादीत १९,५६९ होती. चाळून, जुळवून त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या आणि गट पाडून १२१ भाषा. या यादीत ८ कोटी ३० लाख भाषकांसह मराठी देशात तिसरी आली, तेलुगूच्या पुढे गेली, म्हणून आपण सुखावलो. सुखावायला हरकत नाही. पण ज्या भाषेचे बोलणारे दहा हजारांहून कमी, ती त्या यादीत स्वतंत्रपणे दिसतच नाही. कोट्यवधी माणसे बोलतात ती भोजपुरी आणि राजस्थानी हिंदीच्या बेरजेत जातात, तर आपली अहिराणी मराठीत न जाता खानदेशी या वेगळ्या नावाखाली मोजली जाते. यातले बरोबर काय, हा वाद भाषावैज्ञानिकांवर सोडू. लक्षात घ्यायचे ते एवढेच की बेरजेची रेघ कोठे ओढायची हा निर्णय माणसाचा असतो, आणि त्या रेघेने कोणी मोठा होतो, कोणी नाहीसा.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण महाराष्ट्राचेच आहे आणि जगाच्या जनगणनांच्या इतिहासात त्याला तोड सापडणे कठीण. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध म्हणून नोंदलेली माणसे होती २,४८७. १९६१ साली ती झाली २७ लाख ८९ हजार. ही माणसे कोठून आली नव्हती. ती इथेच होती, याच गावांत, गावकुसाबाहेर. मधल्या काळात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली होती. आणि हेही विसरू नका की अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती बौद्ध झालेल्यांना १९९० सालापर्यंत लागू नव्हत्या. म्हणजे प्रगणकाला ‘बौद्ध’ असे सांगण्यात तोटा होता. तो तोटा पत्करून लाखो माणसांनी ते उत्तर दिले. पट सरकारचा होता, पण त्यावरचे नाव त्यांनी स्वतः लिहिले.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सरळ आहे: लोक खोटे सांगतात, चुकीचे सांगतात, मग या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा? खरेच आहे. आपल्या जनगणनेतली वये पाहिली तर तीस, पस्तीस, चाळीस वर्षांच्या माणसांची गर्दी दिसते आणि एकतिशी-एकोणचाळिशीत शुकशुकाट. पण चूक सर्वत्र सारख्या पद्धतीने होत असेल तर तीसुद्धा माहितीच असते. ज्या समाजात जन्मतारखेचे काम पडत नाही, तो समाज वय असेच सांगतो. आणि जनगणना स्वतःची चूकही मोजते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गणना झाल्यावर निवडक भागांत पुन्हा पाहणी केली जाते. २०११ साली त्या पाहणीत हजारी २३ माणसे सुटल्याचे निघाले. देशाच्या हिशोबात ही पावणेतीन कोटींच्या घरात जातात, आणि खेड्यांपेक्षा शहरांत सुटणाऱ्यांचे प्रमाण जास्त असते. स्वतःच्या पटावरचे गैरहजर स्वतःच जाहीर करणारी सरकारी कामे आपल्याकडे किती आहेत?

दुसरा आक्षेप नव्या जमान्याचा: एवढा खटाटोप कशाला, नमुना पाहण्या आहेत, आधार आहे, मोबाइल आहेत. नमुना पाहणी उत्तम असते. पण भाताच्या शिताची परीक्षा करायला आधी भांडे कोणते आणि केवढे हे ठाऊक लागते. कोणती गावे, कोणते वॉर्ड निवडायचे याची चौकट जनगणनेतूनच येते. चौकट २०११ची असेल आणि शहर तेव्हापासून दुप्पट पसरले असेल, तर शीत चुकीच्या भांड्यातले निघते. आधार सांगते की नोंदणी कोणी केली. नोंदणी कोणाची झाली नाही हे ते सांगू शकत नाही, आणि आज आपला विषयच तो आहे. याची किंमत धान्यात मोजता येते. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गावातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. हिशोब २०११च्या लोकसंख्येवर बसला, म्हणून लाभार्थी ठरले ८१ कोटी ३५ लाख. लोकसंख्या वाढत गेली, हिशोब तिथेच थांबला. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी २०२० साली अंदाज मांडला की यामुळे सुमारे दहा कोटी माणसे या हक्काबाहेर राहिली आहेत. जनगणना लांबली म्हणजे काय झाले, असे कोणी विचारले तर उत्तर रेशनच्या दुकानात आहे.

तिसरा आक्षेप जातीचा: मोजल्याने जात पक्की होते. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते इतिहासात आहे. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावायला घेतली, तेव्हा वरचे स्थान मिळावे म्हणून देशभरातून अर्ज-विनंत्यांचा पाऊस पडला. मोजणाऱ्याने मोजता मोजता भांडण लावून दिले. पण १९३१नंतर आपण सर्व जातींची गणना प्रसिद्ध करणे सोडले, म्हणून जात गेली का? मंडल आयोगाला मागासवर्गीयांच्या हिशोबासाठी १९३१कडेच परत जावे लागले. न मोजल्याने जात नाहीशी झाली नाही, तिच्याविषयी पुराव्याने बोलण्याची सोय तेवढी नाहीशी झाली. अर्थात मोजणे सोपे नाही. २०११च्या स्वतंत्र सामाजिक-आर्थिक पाहणीत देशभरात जातींची ४६ लाख नावे जमा झाली, असे केंद्राने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. त्यात एकट्या महाराष्ट्राची ४ लाख २८ हजार! १९३१ साली सगळ्या देशात ४,१४७ होत्या. आडनाव, पोटजात, कुळी, धंदा, ज्याला जे सुचले ते लिहिले गेले. येत्या गणनेत जात विचारली जाणार आहे. तेव्हा विचारावी की नाही यापेक्षा कशी विचारावी, नावांची यादी कशी करावी, हा खरा कस लागणारा प्रश्न आहे.

चौथा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो: ही माहिती उद्या आमच्याविरुद्ध वापरली तर? ही भीती वेडगळ नाही. हॉलंडमध्ये धर्माची नोंद असलेली नागरिकांची तपशीलवार नोंदवही नाझींच्या हाती पडली आणि ज्यूंना शोधून काढायला तिचा उपयोग झाला. आपल्या १९४८च्या जनगणना कायद्यात म्हणूनच दोन कलमे एकमेकांना तोलून धरतात. आठव्या कलमाने खरे उत्तर देणे नागरिकावर बंधनकारक केले आणि पंधराव्या कलमाने त्या नोंदी कोणाला पाहू देण्यास, न्यायालयात पुरावा म्हणून वापरण्यास मनाई केली. माणसांची संख्या मोजणे आणि माणूस नावानिशी पकडणे यांच्यामधली ही भिंत आहे. लोकांनी खरे बोलावे असे वाटत असेल तर ती भिंत शाबूत ठेवणे ही सरकारची जबाबदारी, आणि मोजणी मोबाइलवर गेल्यावर ती अधिकच वाढलेली आहे. भिंतीला तडा गेला तर लोक गप्प बसतील, आणि मग पटावर गैरहजरांचीही खूण उरणार नाही.

श्रोतेहो, आता आवरते घेतो. गेलेले, न जन्मलेल्या, घर सोडलेले आणि समोर असून न दिसलेले अशी चार माणसे आपण पाहिली. पहिली तीन पट शेजारी-शेजारी ठेवून सापडतात. चौथे मात्र प्रश्न कसा विचारला आणि उत्तर कोणी दिले यावर अवलंबून असते. शाळेत नाव पुकारल्यावर ‘हजर’ ज्याचे त्याने म्हणायचे असते. जनगणनेत तसे होत नाही. तिथे घरातला एकजण दारात उभा राहून सगळ्यांच्या वतीने बोलतो. म्हातारीचे वय तोच सांगतो, सुनेचे काम तोच सांगतो, आतल्या खोलीतल्या अपंग मुलाविषयी बोलायचे की नाही हेही तोच ठरवतो. रकाने कितीही चांगले आखले तरी ‘ती काही करत नाही, घरीच असते’ एवढे म्हटले की एक बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या देखत गैरहजर लागते. पुढच्या वेळी प्रगणक येईल तेव्हा त्या दारात आपल्यापैकीच कोणीतरी उभे असेल. उत्तर देण्याआधी त्याने मागे वळून घरात एकदा विचारावे.